पोळ्या लाटणाऱ्या बायांचे फोटो

रश्मी तायडे लग्नांचे फोटो काढायची. अमरावतीत शेगाव नाक्याजवळ, एका औषधाच्या दुकानाच्या वर तिचा दोन खोल्यांचा स्टुडिओ होता. सतरा वर्षांत सहाशेच्या वर लग्नं झाली. तिचं स्वतःचं झालं नव्हतं, आणि हा विषय प्रत्येक मांडवात कुणीतरी काढायचंच. "सगळ्याइच्या लग्नात तू, तुह्या लग्नात फोटो कोन काढीन वं?" ती हसून कॅमेरा डोळ्याला लावायची. कॅमेरा डोळ्याला लावला की माणसं पुढचं बोलत नाहीत, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

फ्रेजरपुऱ्यातल्या घरात ती आणि तिचे वडील देवमन, दोघंच. देवमन पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. इंजिनियरांनी आखलेले कालव्यांचे, बंधाऱ्यांचे नकाशे पारदर्शक कापडावर शाईनं हुबेहूब उतरवायचे, हे त्यांचं चौतीस वर्षांचं काम. आता वय पंच्याहत्तर. बायको गेल्यापासून ते फारसं बोलत नसत. सकाळी विहारात जाऊन येत, पेपर वाचत आणि दुपारी आवाज बंद करून टीव्ही बघत. आवाज का बंद, असं रश्मीनं एकदा विचारलं तर म्हणाले, "सवय झाली."

ऑगस्टात लग्नं नसतात. अशाच एका रिकाम्या दुपारी आरती नावाची मुलगी दर्यापूरहून स्टुडिओत आली. वीस-बावीस वर्षांची, खांद्याला कॉलेजची बॅग. बॅगेतून तिनं एक आधार कार्ड काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

"माह्या मायचा फोटो मोठा करून पायजे. फ्रेमसाठी."

कार्डावर कौशल्या हे नाव होतं. रश्मीनं फोटो स्कॅन करून पडद्यावर मोठा केला, तसे डोळ्यांच्या जागी दोन राखाडी ठिपके राहिले. हनुवटीच्या डाव्या बाजूला एक ठळक तीळ होता, तेवढाच काय तो ओळखू आला.

"दुसरा नाही का एखादा? मोबाइलमध्ये?"

"नाई. मोबाइल धरला की माय तोंड फिरवे. म्हणे, चांगली साडी नेसीन तवा काढजो." आरतीनं कार्ड काउंटरवर सरळ केलं. "काविळीनं गेली. आठ दिवसांत. पन ताई, तुमच्यापाशी असन तिचा फोटो."

"माझ्यापाशी?"

"ती लग्नाइत पोळ्या लाटाले जाये ना. मैनाबाईसोबत, धा-बारा बाया. घरी आली की सांगे, आज थे लांब वेणीवाली बाई होती फोटो काढाले. म्हणून तुमचा पत्ता काढत आली मी."

रश्मीचा हात नकळत वेणीकडे गेला. तिला मैनाबाई आठवत नव्हती. कौशल्या तर नाहीच. आरतीला आठवतील तेवढ्या लग्नांची गावं तिनं लिहून घेतली: अकोला, मूर्तिजापूर, अंजनगाव, दोनदा दर्यापूर. "शोधते," ती म्हणाली. "फोन करीन तुला."

चार दिवस तिनं दुसरं काही केलं नाही. जुन्या हार्ड डिस्क एकामागून एक जोडल्या आणि बघत बसली. नवऱ्या मुलींचे मेंदीचे हात होते, मामाचा फेटा होता, करवल्यांचे झुमके होते, द्रोणातली बुंदी होती, वांग्याच्या भाजीवरचा लाल तवंगसुद्धा तिनं अगदी जवळून टिपला होता. भाजी करणारं माणूस मात्र कुठं नव्हतं. शोधायला लागल्यावर हळूहळू दिसायला लागलं. फोटोच्या कडेला एखादं कोपर, पिठानं पांढरे झालेले पंजे, वाफेमागे हिरव्या साडीचा पदर. चेहरा नाही.

चौथ्या दिवशी अकोल्याचं एक लग्न उघडलं. २०१९ सालचं. अल्बममध्ये लावलेला एक फोटो तिला चांगला आठवत होता: मांडवाच्या खांबाला टेकून उभी असलेली नवरी, आणि मागे पिवळा पडदा. त्याच फोटोची मूळ प्रत शेजारच्या फोल्डरमध्ये होती. ती उघडली आणि रश्मी खुर्चीत सरळ बसली. मूळ फोटोत पडदा मधोमध फाकलेला होता, आणि त्या फटीत एक बाई उभी होती. कमरेवर परात, गालाला पीठ, आणि बाजूच्या कुणाकडे तरी बघून तोंडभर हसत होती. हनुवटीच्या डाव्या बाजूला तीळ.

मग तिला सगळंच आठवलं. नवरीचा भाऊ म्हणाला होता, "मागची बाई काढून टाका मॅडम, बरं नाही दिसत." तिनं काढून टाकली होती. संगणकावर दहा मिनिटांचं काम. पडद्याच्या चुण्या ओढून ओढून तिनं कौशल्यावर घातल्या होत्या, आणि काम सफाईदार झालं म्हणून स्वतःवर खूशही झाली होती.

फोटो मोठा करून तिनं आरतीला बोलावलं. आधी ठरवलं होतं की नुसता फोटो द्यायचा. पण पोरगी समोर बसली आणि रश्मीला ते गिळता येईना. तिनं दोन्ही प्रती शेजारी शेजारी उघडून दाखवल्या आणि काय केलं होतं ते सांगितलं.

आरतीनं खुर्ची पडद्याजवळ ओढली. तिला राग येईल असं रश्मीला वाटत होतं.

"हसून राहिली," आरती म्हणाली. "मैनाबाई काहीतरी बोलली असन." मग डोळे पुसत म्हणाली, "पन मूळचा तुमी फेकला नाई ना ताई. नाईतर आज काय पाह्यलं असतं मी?"

फोटो जरा अस्पष्टच होता. कॅमेऱ्याची नजर नवरीवर धरलेली होती, कौशल्यावर नव्हती. आरती तो छातीशी धरून घेऊन गेली. रश्मीला त्यानंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं, की त्या मांडवात आपण फक्त दोन पावलं पुढं गेलो असतो तर.

तुळशीचं लग्न लागलं आणि हंगाम सुरू झाला. आता रश्मी प्रत्येक लग्नात अर्धा-एक तास आधी पोचायची आणि मांडवामागं जायची. आरतीनं मैनाबाईची ओळख करून दिली होती. साठीची, ठेंगणी, जाड काचेचा चष्मा आणि आवाज असा की भोंग्याची गरज नाही. पूर्ण टोळी तिच्या नुसत्या नजरेवर चालायची. रश्मी चुलीच्या धगीत उकिडवी बसून फोटो काढायची. घामानं चमकणारी कपाळं, एका लयीत फिरणारी बारा लाटणी, तव्यावर फुगलेली पोळी. ते फोटो चांगले येत होते, हे तिला कळत होतं. असं काम पूर्वी कधी हातून झालं नव्हतं.

डिसेंबरात एका रविवारी ती त्यांच्या छापील प्रती घेऊन दर्यापूरला गेली. मैनाबाईच्या अंगणात सगळ्या बाया जमल्या. फोटो हातोहात फिरले, आणि एकेक बाई आपला फोटो पालथा ठेवू लागली.

"आवडले नाहीत का मावशी?"

मैनाबाईनं चष्मा पुसून स्वतःचा फोटो पुन्हा बघितला. केस विस्कटलेले, पदर खोचलेला, तोंड धुरानं वाकडं झालेलं. "पोरी, तू नवरीचा फोटो कसा काढतं? तिले सजवतं, बसवतं, हनुवटी वर कर म्हणतं. अन् आमचा असा? भूत बसलं चुलीपाशी."

"पण मावशी, हे तुमचं काम आहे. लोकांना दिसलं पाहिजे ना."

"काम तं रोजच हाय. मी कामच हाय काय नुसती?" मैनाबाई शांतपणे म्हणाली. "आमचा फोटो काढायचा तं आमाले इचारून काढ. आमी तयार होऊन बसतो."

रश्मीला ते लागलं. रात्रंदिवस कष्ट करून काढलेले फोटो होते. परतीच्या एसटीत ती आसेगावपर्यंत मनातल्या मनात मैनाबाईशी भांडत होती. वलगाव येईपर्यंत तिच्याजवळचे मुद्दे संपले. एकदा ह्याच बायांमधल्या एकीला तिनं कुणाच्या सांगण्यावरून पुसलं होतं, आणि आता न विचारता मांडत होती. दोन्ही वेळा ज्यांचा चेहरा, त्यांना विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली. मैनाबाईच्या पडवीत, उत्तरेच्या उजेडात एक खुर्ची मांडली. बाया एकेक करून आल्या. कुणी पैठणीच्या काठाची साडी नेसली होती, कुणी नातीचं सोनेरी घड्याळ घातलं होतं. एक बाई हातात लाटणं घेऊन बसली, तिला तसंच हवं होतं. दुसरी म्हणाली, लाटणं दिसायला नको, मला पुस्तक दे. तिला आरतीनं आपलं अर्थशास्त्राचं पुस्तक दिलं. मैनाबाई सर्वात शेवटी बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर, चष्मा काढून. मग म्हणाली, "थांब, चष्म्याशिवाय मी मले ओळखू नाई येत," आणि परत घातला.

त्या दिवशी निघताना मैनाबाईनं आत नेऊन भिंतीवरचा एक रंगीत फोटो दाखवला. तिच्या लग्नानंतरचा. सगळे रंग उडून नुसती लाली उरलेली, आणि काचेला चिकटलेला.

"हा असा झाला. तुया फोटोचं काय? किती साल टिकन?"

आजवर एकाही गिऱ्हाइकानं रश्मीला असं विचारलेलं नव्हतं.

घरी जेवताना तिनं ते सहज वडिलांना सांगितलं. देवमननं घास हातातच ठेवला.

"फेरो टिकते," ते म्हणाले.

"काय टिकते?"

"फेरो. निळा नकाशा. मी एकाहत्तर साली अकोल्याले लागलो तवा लाईटचा भरवसा नोता. छापाचं मशीन उशिरा आलं. तवर सगळे नकाशे उन्हात छापत. कागदाले लोखंडाचं मीठ लावायचं, वर माह्या हातचं ट्रेसिंग, त्याच्यावर काच, अन् ठेवायचं उन्हात. मंग पान्यात धुतलं की पिवळं निंघून जाये अन् निळं राहे. थे नकाशे अजूनई तसेच असतीन बेटा. मी रिटायर झालो तवा तं होते."

आई गेल्यापासूनच्या चार वर्षांत रश्मीनं त्यांना सलग एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. ऑफिसात डोमाजी नावाचा खलाशी, म्हणजे वरकामाचा गडी होता, त्याचं काम ऊन बघण्याचं. घड्याळ न बघता, कागदाचा रंग बघून तो सांगायचा, आता उचला. नवीन लागलेल्या देवमनला त्यानंच शिकवलं होतं. जेवण संपलं, हात वाळले, तरी देवमन बोलतच होते.

पुढच्या आठवड्यात बापलेक अकोल्याला जाऊन शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या दुकानातून दोन रसायनं घेऊन आले, एक हिरवी भुकटी आणि एक लाल खडे. रश्मीनं इंटरनेटवर वाचून काढलं. जगात अजून काही लोक असे फोटो छापतात, आणि त्याला लांबलचक नाव आहे. देवमननं ते नाव एकदा ऐकलं आणि म्हणाले, "फेरो."

गच्चीवर त्यांचं काम सुरू झालं. खाली अंधाऱ्या खोलीत रश्मी कागदावर ब्रशनं रसायन लावी. संगणकावरून चेहऱ्यांची उलटी, काळ्याची पांढरी झालेली प्रत पारदर्शक प्लॅस्टिकवर छापून घेई. वर गच्चीत देवमन स्टूल टाकून बसत. डोक्याला उपरणं, मांडीवर काचेची चौकट. पहिले दहा-बारा कागद वाया गेले. काही फिके, काही सगळे निळेकुट्ट. मग एका सकाळी देवमननं चौकटीची मागची फळी थोडी उचलून आत डोकावलं. "राखेसारखं होऊ दे," ते पुटपुटले. "अजून... अजून... हं. उचल." रश्मीनं कागद टबात सोडला. पिवळं पाणी वाहून गेलं, आणि निळ्यातून मैनाबाईचा चेहरा वर आला, चष्म्यासकट.

देवमन टबावर वाकून बघत होते. "डोमाजी पाहिजे होता," ते म्हणाले.

फेब्रुवारीच्या शेवटी सगळ्या बायांसमोर छापायचं ठरलं. कल्पना देवमनचीच. "थ्यायले दिसू दे ना कसं होते ते." दोघं काचा, कागद, टब घेऊन सकाळच्या एसटीनं दर्यापूरला पोचले. मैनाबाईच्या अंगणात चौकटी उन्हात मांडल्या. बाया भोवती बसल्या. पहिला कागद पाण्यात गेला, निळा चेहरा उमटला, आणि पोरांसारख्या टाळ्या पडल्या. मग मैनाबाईनं नीट बघितलं.

"मी निळी कावून?"

"मावशी, ह्या छपाईचा रंगच निळा असतो."

"रंग चांगला हाय," मैनाबाई म्हणाली. आजूबाजूच्या दोघी-तिघींकडे तिनं पाहिलं. त्याही घुटमळत होत्या. "साडीले चांगला हाय. पन मानूस मेलं की असं निळं पडते वं. मी तं अजून हाय."

देवमन चमकले. त्यांच्यासाठी निळा हा घरातला रंग होता, झेंड्याचा, विहाराच्या भिंतीचा. पण ते वाद घालायला गेले नाहीत. "आधी सगळे छापून घेऊ," ते म्हणाले, "मंग पाहू."

बारा कागद छापून झाले. मैनाबाईनं जेवायला वाढलं. कागद तेवढा वेळ धुण्याच्या पाण्यातच राहिले. पोळी, पातळ वरण, वांग्याची भाजी, मठ्ठा. लग्नघरी ज्यांनी हजारोंना वाढलं त्या बाया आता बापलेकीला आग्रह करत होत्या, त्यामुळं जेवण लांबलं. रश्मी हात धुवून टबाकडे आली आणि तिच्या तोंडून नुसता "बाबा" एवढाच शब्द आला.

टबातले चेहरे गेले होते. निळं विरघळून कागदांवर फिकट पिवळट डाग उरले होते. डोळे कुठे आणि पदर कुठे, ते नीट बघितलं तरच कळे.

देवमननं पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "खारं पानी. बोअरचं ना हे?"

"नळ तिसऱ्या दिवशी येते," आरती घाबरून म्हणाली. "आज बोअरचंच भरलं."

"पूर्णेच्या ह्या सगळ्या पट्ट्यात पानी खारं हाय, मीच नकाशावर लिवलं हे हजार वेळा. खाऱ्यानं फेरो उडते. मी कसा इसरलो?" ते मटकन पायरीवर बसले. म्हातारपण त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उतरलं. सकाळपासून उन्हात बसून बारा वेळा चौकटी उचलल्या होत्या त्यांनी. "सगळ्याइचे चेहरे गेले, रश्मी. माह्यानं गेले."

रश्मी त्यांच्याजवळ जाऊन बसली. "प्लॅस्टिकच्या प्रती आहेत ना बाबा. परत छापू." पण तिचाही आवाज बारीक झाला होता.

मैनाबाई टबाजवळ उभी होती. "भाऊ," ती देवमनला म्हणाली, "सकाळी तुमी म्हटलं, कागदाले लोखंड लावलं हाय. मंग निळं गेलं तं लोखंडई गेलं का?"

देवमननं मान वर केली. "नाई... लोखंड असन अजून. रंग गेला फक्त."

"मंग असं कावून बसले? लोखंडाच्या कढईत आवळा शिजवला का काळा पडते. चहा ठेवला लोखंडाच्या भांड्यात, तरी काळा. शाईवानी. तुमच्या कागदात लोखंड हाय तं त्याले चहा पाजून पाहू." तिनं मागे वळून हाक मारली. "वं आरती, मोठं गंज ठेव चुलीवर. दूध नको, साखर नको. पावभर पत्ती."

रश्मी काही बोलणार होती, पण देवमननं तिचा हात दाबला. त्यांच्या डोळ्यांत सकाळची चमक परत आली होती.

चहा उकळला, गाळला, थंड व्हायला ठेवला. मैनाबाईनं करंगळी घालून बघितली आणि म्हणाली, आता. तिनं स्वतःचाच कागद उचलला. "बिघडला तं माहा बिघडू दे."

आधी काहीच झालं नाही. कोमट तपकिरी पाण्यात कागद तसाच पिवळट पडून राहिला. बाया वाकून बघत होत्या. मग चष्म्याच्या काड्या गडद झाल्या. मग केसांची रेघ. मग भुवया आल्या, ओठ आले, गुडघ्यावरचे दोन्ही हात आले, फुगलेल्या शिरांसकट. निळा कुठंच नव्हता. काळपट, मातीच्या रंगाचा, उन्हात उभ्या असलेल्या माणसाचा रंग.

"आली," आरती म्हणाली.

मैनाबाई वाकून स्वतःकडे बघत होती. हात पुसायला घेतलेला पदर तिच्या हातातच राहिला. "आता मी हाय," ती म्हणाली.

मग अंगणात एकच गलका झाला. प्रत्येकीला आपला कागद स्वतः चहात बुडवायचा होता. किती वेळ ठेवायचा, किती गडद करायचा, हे जिचं तिनं ठरवलं. पुस्तक घेऊन बसलेल्या बाईनं आपला चेहरा काळाभोर होईपर्यंत ठेवला. एकीनं पाव मिनिटात काढून घेतला, तिच्या ओठांभोवती थोडा निळा राहून गेला होता, तो तिला आवडला. देवमन एकेकीच्या शेजारी जाऊन सांगत होते, "आता नळाच्या पान्यानं धुवा, हंड्यात ठेवलेलं असन ते. खाऱ्यानं नाई." त्यांचा आवाज चढला होता, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

पुढचे दोन महिने रश्मीनं अशा छपाईचा नीट अभ्यास केला. निळं उडवायला धुण्याचा सोडा किती, चहा किती कडक, कुठला कागद टिकतो. शंका आली की ती मैनाबाईला फोन करायची. मेळघाटात हिरडा मिळतो, तो चहापेक्षा चांगला चढतो, हे मैनाबाईच्या नणंदेनं सांगितलं, आणि ते खरं निघालं. अकोल्यात चित्रकला शिकवणारे ललित नावाचे एक शिक्षक होते, त्यांनी हे फोटो बघितले आणि आपल्या वर्गाशेजारची रिकामी खोली प्रदर्शनाला दिली. रश्मीला त्यांनी सांगितलं की ह्याला डॉक्युमेंटरी म्हणतात. "असेल," रश्मी म्हणाली. "मी तर ह्या बायांनी जसं सांगितलं तसं केलं."

एप्रिलमध्ये तीन दिवस प्रदर्शन भरलं. दर्यापूरहून बाया दोन काळीपिवळी जीप करून आल्या. प्रत्येक बाई आधी दुसरीचा फोटो शोधायची, स्वतःच्या फोटोजवळ मात्र उगाच गेल्यासारखी जाऊन उभी राहायची. मैनाबाईभोवती पोरापोरींचा घोळका जमला होता. ती त्यांना खाऱ्या पाण्याचं सांगत होती. एका मुलानं विचारलं, हे विज्ञान तुम्हाला कुणी शिकवलं? "कढईनं," ती म्हणाली.

देवमन एका फोटोखालच्या पाटीसमोर थांबले होते. प्रत्येक पाटीवर बाईचं नाव मोठ्या अक्षरात होतं, त्याखाली गाव. खाली बारीक अक्षरात दोन ओळी. फोटो: रश्मी. छपाई: देवमन तायडे आणि मैनाबाई. त्यांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं.

"काय झालं बाबा? चुकलं का काही?"

"चुकलं नाई." त्यांनी पाटीवर बोट ठेवलं. "चौतीस साल नकाशे काढले. कोपऱ्यात चौकट राहे, चीफ इंजिनियरपासून सगळ्याइच्या सह्या. अनुरेखक म्हणून मले दोन अक्षरं टाकता येत. दे. ता. पूरं नाव कधी नोतं आलं."

रश्मीनं त्यांचा दंड धरला. दोघं तसेच उभे राहिले, मागून येणाऱ्यांना जागा देईपर्यंत.

ती लग्नं आजही घेते, पण निवडून. मांडवामागच्या बाया आता तिच्या अल्बममध्ये असतात, आणि लग्नघरच्यांना ते नको असेल तर ती लग्न सोडते. मे महिन्यात तिनं अमरावतीचं एक मोठं लग्न असंच नाकारलं, आणि त्याच तारखेला मैनाबाईच्या टोळीसोबत चांदूर रेल्वे गावच्या एका लग्नाला गेली. फोटोग्राफर तिथं दुसराच होता. मांडवामागं पोचली तेव्हा उन्हाची तलखी होती, चुली पेटल्या होत्या आणि एक बाई तापानं आली नव्हती. रश्मीनं पिशवीतून कॅमेरा काढला.

"ठेव तो तिकडं," मैनाबाई म्हणाली. "हात धू. हे एवढं पीठ भिजव."

"मावशी, मला एवढ्या पिठाचा अंदाज नाही."

"येईन. घे पानी."

रश्मीनं वेणी गुंडाळून वर बांधली, कोपरापर्यंत हात धुतले आणि परातीसमोर मांडी घातली. पहिल्यांदा पाणी जास्त झालं. मैनाबाईनं मूठभर पीठ वरून टाकलं आणि तिच्या हातांवर आपले हात ठेवून, कुठून दाबायचं ते दाखवलं.